आधीची वेलांटी

आभाळ कालपासून न पिळलेल्या फडक्यासारखं लोंबत होतं. पडायचं म्हणावं तर पडत नव्हतं, उघडायचं म्हणावं तर उघडत नव्हतं. गॅलरीतल्या दोरीवर नवऱ्याचे शर्ट कालपासून दमटच होते. तिनं एकाची बाही चाचपली, नाक मुरडलं आणि दोन्ही शर्ट उलटे करून पुन्हा टाकले. कफांच्या शिवणीत पितळेचा भुगा बसलेला. लोखंडाचा असता तर चुंबक फिरवून उचलला असता. पितळ चुंबकाला भीक घालत नाही. ते ओल्या फडक्यानंच टिपावं लागतं, आणि टिपलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. लग्न झाल्यापासून या बाईच्या घरातली फरशी अधूनमधून सोन्यासारखी चमकते. तिच्या वाट्याचं सोनं म्हणाल तर तेवढंच.

नवरा किल्लीवाला. त्याचं दुकान म्हणजे याच इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. पुढच्या टोकाला माणूस ताठ उभा राहतो, मागच्या टोकाला कानस शोधायला गेला की नमस्कार घातल्यासारखा वाकतो. वर दोन खोल्यांत घर. जिन्यावरून कोण उतरतंय, कोण घाईत आहे, कोण घरात भांडून निघालंय, हे त्याला डोक्यावरच्या धपधपीवरूनच कळतं.

तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. नाव छापखान्यातलं. अर्धं आयुष्य तिनं एका छापखान्यात संगणकावर अक्षरं जुळवली: पावतीपुस्तकं, प्रश्नपत्रिका, दुकानांची पत्रकं, निधनाच्या बातम्या. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की भातात खडा लागल्यासारखा तिचा चेहरा होई. रस्त्यानं जाताना ती पाट्या वाचत नसे, तपासत असे. "हिच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे पेपर तपासायला जायचं," असं नवरा चारचौघांत सांगे, आणि चारचौघं हसली की तीही हसे.

छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं तिला तिचा संगणक देऊन टाकला. सोबत छापखान्याचा फॉन्टही. हा फॉन्ट मालकानं हौसेनं एका अक्षरकाराकडून खास करवून घेतलेला. त्यातला 'ल' असा होता की पदर सावरून बसलेली बाईच. तिच्या बोटांना त्या फॉन्टच्या कळा अशा पाठ होत्या की विचार मनात यायच्या आत पडद्यावर उतरायचा. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, पण बोटं कधी अडली नव्हती.

त्याच फॉन्टात तिनं नवऱ्याच्या दुकानाची साइट केली होती. त्यालाही कारण झालं होतं.

बसथांबा पलीकडच्या चौकात हलवला आणि जिन्याखालची वर्दळ आटली. त्याच सुमारास मोठ्या रस्त्यावर एक काचेचं दुकान उघडलं. तिथं बोट लावलं की उघडणारी कुलपं मिळत. "आमच्या वेळी एखाद्याकडे बोट दाखवलं तर भांडण व्हायचं, आता दार उघडतं," नवरा म्हणाला. त्या दुकानाच्या मालकाला त्यानं काचवाला हे नाव ठेवलं. माणूस वाईट नव्हता. एक दिवस स्वतः जिन्याखाली वाकून आला आणि म्हणाला, "मामा, या वयात कशाला इथं कुबड काढून बसता? माझ्याकडे या. गणवेश देतो, पगार देतो. कुलपं बसवायला हात लागतातच. फक्त हे बंद करा, दोन्ही डगरींवर पाय नको. महिनाअखेर सांगा."

नवरा तेव्हाच हो म्हणणार होता. त्याचे गुडघे केव्हाच हो म्हणून बसले होते. पण किल्ली कानशीनं घासून, कुलपात फिरवून, पुन्हा घासून, शेवटी तो 'खट्' आवाज आला की त्याच्या तोंडावर जे यायचं ते तिला ठाऊक होतं. गणवेश घालून भिंतीला भोकं पाडताना ते येणार नव्हतं. म्हणून तिनंच त्याला थांबवलं. "साइट होऊ दे. लोक हल्ली शोधून माणूस बोलावतात. महिनाअखेरपर्यंत बघू, मग तुम्ही म्हणाल तसं."

साइट झाली. देखणी झाली. आणि कुणालाही सापडेना.

म्हणजे पत्ता देऊन उघडली तर लख्ख दिसायची. पण रोज सकाळी फरशी टिपून झाली की ती फोन तोंडाजवळ धरून म्हणायची, "किल्ली बनवून देणारे," आणि फोन तिला काचवाला दाखवायचा, मग पलीकडच्या गावचा एक दुकानदार, मग कुलपांच्या चित्रांची रांग. तिचं दुकान कुठंच नाही. तिनं खाली खाली सरकवत पाहिलं. दहाव्या पानावर कुलपांवरचं कुणाचं तरी भाषण होतं, दुकान नव्हतं.

"काचवाल्यानं त्यांचे हात ओले केले असतील," नवरा म्हणाला.

"कुणाचे?"

"ते जे कोण शोधून देतात त्यांचे."

"तिथं माणूस नसतो हो. यंत्र असतं."

"मग यंत्राला तेल घातलं असेल."

तिनं साइटला जागा देणाऱ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ एक गाणं ऐकवलं गेलं, मग एक मुलगी आली. तिनं विचारलं, "साइट उघडते ना मॅडम?" उघडते. "मग आमच्या बाजूनं सगळं व्यवस्थित आहे." गाणं पुन्हा लागलं.

धाकटा दीर एका मोठ्या कचेरीत कामाला होता. त्यानं फोनवरून ऐकून घेतलं आणि जाणकार आवाज काढला. "वहिनी, मजकूर कमी पडतोय. भरपूर लिहा. जितकं जास्त लिहाल तितकं वर याल."

तिनं लिहिलं. घरातली कुलपं, कपाटांची कुलपं, गाड्यांची कुलपं, कुलूप गंजू नये म्हणून काय करावं, किल्ली कुठं ठेवू नये. मान धरली, खांदा धरला, शेक घेत घेत पानंच्या पानं लिहिली. सगळी त्याच फॉन्टात, एकही वेलांटी न चुकवता. दुकान तसूभरही हललं नाही.

दिराच्याच सांगण्यावरून तिनं शोधून देणाऱ्यांकडची मालकासाठीची खिडकी उघडून घेतली. तिथं साइटची पानं आत घेतली की नाकारली ते कळतं. तिला वाटलं होतं, 'नाकारली' असं असेल, मग निदान भांडता तरी येईल. तिथं लिहिलं होतं, पानं आत घेतलेली आहेत. दोष काही नाही.

यानं ती जास्तच खचली. दार बंद असतं तर ठोठावलं असतं. हे म्हणत होते, तुम्ही आत आहात. आणि आत कुणी तिला ओळखत नव्हतं.

महिना उतरणीला लागला होता. एका दुपारी नवरा जेवून आडवा झाला असता छताकडे बघत म्हणाला, "गणवेश कुठल्या रंगाचा असेल गं?"

तिनं उठून दोरीवरचे शर्ट पुन्हा उलटे केले. 

त्याच दुपारी नणंदेचा निरोप आला. नणंद दुसऱ्या गावी राहायची आणि बोलायला लागली की तिला झाकण नसायचं. तिच्या शेजारणीला कपाटाची जुनी किल्ली टपालानं पाठवून नवी करून हवी होती. दुकानाचा पत्ता लिहून पाठव, असं तिनं कळवलं. वेलांटीबाई एरवी निरोप बोलूनच पाठवायची. फोनवरच्या त्या चिमुकल्या कळा तिला कधी जमल्याच नव्हत्या. त्यांना हात लावणं तिला बाहुलीच्या भांड्यांत स्वयंपाक केल्यासारखं वाटे. पण पत्ता लिहूनच हवा होता. मग तिनं आपल्या साइटवरचा पत्ता उचलला आणि जसाच्या तसा नणंदेला पाठवून दिला.

थोड्या वेळानं नणंदेचा आवाज आला. मागं कुणीतरी हसत होतं.

"वहिनी, मांजर पाळलंय का गं? कीबोर्डवरून चालत गेलंय वाटतं. हे काय पाठवलंस? शेजारीण म्हणते, हा पत्ता आहे की कुणाला मूठ मारलीये?"

तिनं आपण पाठवलेला निरोप उघडून पाहिला. परक्या लिपीतली अक्षरं, मध्येच स्वल्पविराम, मध्येच टक्क्याची खूण, कंस उघडलेला आणि कधीच न मिटलेला. आपलं एकही अक्षर नाही.

ती खुर्चीत मागं टेकली.

आता तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. हे तिनं हजारदा पाहिलं होतं. छापखान्यातून मजकूर दुसरीकडं छपाईला गेला आणि सोबत फॉन्ट द्यायचा राहिला की तिकडून फोन यायचा, "बाई, नुसता कचरा आलाय." त्या जुन्या फॉन्टांचं असंच असतं. आत असतात परकी अक्षरं. फॉन्ट त्यांच्या तोंडांवर आपल्या अक्षरांचे मुखवटे चढवतो. मुखवटे काढले की आत कुणी आपलं नाही. म्हणून मजकुराबरोबर फॉन्ट बांधून द्यायचा, हा छापखान्यातला पहिला धडा. तिनं तो इथंही पाळला होता. साइटच्या पोटात फॉन्ट घातला होता, म्हणून प्रत्येक माणसाला पान सुंदर दिसत होतं. तिच्याच हुशारीनं दोष झाकून ठेवला होता. यंत्राला डोळे नसतात, ते मुखवटा बघत नाही. ते आत काय लिहिलंय तेच वाचतं.

खात्री करायला तिनं नणंदेला गेलेला तोच विस्कटलेला पत्ता फोनमध्ये जसाच्या तसा घालून शोधलं. आणि दुकान आलं. पहिल्याच जागी, एकटं. खाली दोन ओळी त्याच भुताटकीच्या.

म्हणजे दुकान इतके दिवस उघडंच होतं. पाटी कुणाला वाचता येत नव्हती.

नवरा संध्याकाळी वर आला तेव्हा तिनं त्याला बसवून सांगितलं.  मग खिशातून दोन किल्ल्या काढून त्यानं तिच्यापुढं ठेवल्या. दोन्हींची मूठ एकसारखी, पितळी, गोल.

"हे असं का? मूठ तीच, दाते वेगळे?"

"तसंच."

"मग मूठ बघून काय करायचं," तो म्हणाला. "कुलपाला दाते लागतात." आणि उठून चहा टाकायला गेला. अशा वेळी तो चहा करतो. तिला तेवढंच बरं वाटलं.

दीर म्हणाला, "त्यात काय वहिनी, जुन्याचं नवं करून देणारी सोय असते, फुकट." तिनं ती करून पाहिली. पण मालकाचा फॉन्ट खास घडवलेला, त्याच्या कळा जगावेगळ्या. सोयीनं 'किल्ली'चं 'कल्लिी' केलं आणि 'कुलूप' तर ओळखूही येईना. तिला तो पडदा बघवला नाही. तिनं तो बंद केला.

म्हणजे सगळं पुन्हा. पानंच्या पानं. आणि आता युनिकोडात, जिथं आतलं अक्षरही आपलंच असतं, आणि नव्या कळांनी.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी भांडी झाली की ती बसू लागली. आणि अर्धं आयुष्य न अडलेली बोटं पहिल्याच शब्दाला अडली. शब्द होता 'किल्ली'.

जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. डोळ्याला ती आधी दिसते म्हणून हातही आधीच जातो. नव्यात उलटं: आधी 'क', मग वेलांटी. तिचं बोट दर वेळी आधी वेलांटीवर पडायचं आणि पडद्यावर एक बिनघराची वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून लोंबकळायची. ती पुसायची. पुन्हा मारायची. पुन्हा तीच. किल्लीवाल्याची साइट, 'किल्ली' ओळीओळीत. पहिलीत घातलेल्या पोरासारखी ती एका बोटानं टिचक्या मारत राहिली. एकदा तिनं हात मांडीवर घेतले आणि नुसतीच बसली.

नवरा मागं येऊन उभा राहिला. "अगं, बोलताना 'क' आधीच येतो की."

"मी तोंडानं टाइप करत नाही."

"वेलांटीबाईला वेलांटीनं दगा दिला म्हणायचा."

"तुम्ही जा बरं खाली."

तो गेला नाही. पडद्यावर वाकून त्यानं मोठ्यानं वाचलं, "आमच्याकडे सर्व प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या अचूक व विनाविलंब तयार करून मिळतील." मग कान खाजवला. "असं कोण बोलतं?"

"बोलत नाहीत. लिहितात."

"टॉवेल गुंडाळून दाराबाहेर अडकलेला माणूस फोनवर 'विनाविलंब' लिहील?"

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते तिलाच कळलं नाही. मग ती म्हणाली, "मग काय लिहील? सांगा. तुम्हालाच फोन येतात."

तो पलंगाच्या कडेला बसला आणि सांगू लागला. एरवी कमी बोलणारा माणूस, पण वर्षानुवर्षं लोकांनी त्याच्या कानात जे ओरडलं होतं ते सगळं तिथं साठलेलं होतं.

"लिही. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली."

तिनं लिहिलं. 'क' आधी.

"चावी कुलपात तुटली, अर्धी आतच आहे."

"चावी नको. किल्ली."

"लोक चावी म्हणतात."

"म्हणू देत."

"अगं, शोधणारे तेच आहेत ना?"

तिनं सुस्कारा टाकला आणि 'चावी' लिहिलं.

"लॅच गोल गोल फिरतं, पण उघडत नाही. लिही. कपाटाची चावी हरवली, घरात सांगू नका. हे पण लिही, हे फार येतं. आणि हो, ते 'कुलुप', लु पहिला. निम्मे लोक तसंच लिहितात."

तिचे हात थांबले. "ते मी मेले तरी लिहिणार नाही."

"बरं."

"चावी घेतली, लॅच घेतलं. हे नाही."

"बरं म्हटलं ना. नको लिहू."

सगळी पानं काही झाली नाहीत. पहिलं पान झालं, पत्ता झाला, आणि लोक काय ओरडतात त्याचं एक पान झालं. कुलूप गंजू नये म्हणून काय करावं हे तसंच राहिलं. गंजू दे म्हणाली. नवी पानं चढवून ती त्या खिडकीतून 'पुन्हा येऊन बघा' असं सांगून मोकळी झाली. मग वाट बघणं आलं. आभाळ तसंच लोंबत होतं. शर्ट वाळत नव्हते. सकाळी फोनवर विचारलं की काचवालाच यायचा. नंतर एका सकाळी, खूप खाली, कुलपांच्या चित्रांच्याही खाली, आपल्या अक्षरांत लिहिलेलं दुकानाचं नाव आलं. तिनं ते दोनदा वाचलं. वेलांट्या बरोबर होत्या. नवऱ्याला दाखवलं तर तो चष्मा शोधत म्हणाला, "इतक्या खाली कोण वाकणार? आपल्या जिन्यासारखंच झालं."

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. नवऱ्यानं दाढी केली. गॅलरीतला त्यातल्या त्यात सुका शर्ट चढवला. संध्याकाळी काचवाल्याकडे जाऊन येतो म्हणाला. ती हो म्हणाली. तिनंच तर म्हटलं होतं, मग तुम्ही म्हणाल तसं.

दुपारी त्याचा फोन वाजला. कुणी बाई होती. आवाज खालून वरपर्यंत ऐकू येत होता. जिना आवाज वर खेचतो. तो म्हणाला, "हो, येतो. घाबरू नका. दाराला धक्के देऊ नका." मग हत्यारांची पिशवी उचलल्याचा खुळखुळाट. ती कठड्याशी धावली. "अहो, नंबर कुठून मिळाला ते विचारा." तो हात हलवून निघून गेला.

तिनं डाळ निवडायला घेतली आणि निवडलेल्या डाळीतच खडे टाकत बसली.

तो परतला तेव्हा घामेजला होता आणि उजव्या अंगठ्याला चीर पडली होती.

"उघडलं?"

"उघडलं. जुनं लॅचचं कुलूप. छान कुलूप होतं."

"विचारलंत?"

"काय?"

"नंबर कुठून मिळाला ते."

त्यानं कपाळावर हात मारला. "विसरलो गं. दार उघडायच्या नादात राहिलं."

तिला रडावं की त्याला बोलावं ते कळेना. तिनं अंगठ्याला चिंधी बांधायला घेतली. तो हात पुढं धरून बसला, आणि मग काहीतरी आठवून हसला.

"ती बाई भलतीच होती. कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली आणि दार लागलं. मी घासत होतो आणि ती जिन्यात बसून आपली बोलतेय. म्हणे, अडकले तेव्हा रडकुंडीला आले होते, आणि फोनवर वाचलं, 'कपाटाची चावी हरवली, घरात सांगू नका', तर हसूच आलं. म्हणे, यांनाच बोलवावं म्हटलं."

तिनं गाठ मारली. जरा जास्तच घट्ट.

"कळलं का तुम्हाला काय सांगितलंत ते?"

"काय?"

"काही नाही. हात वर धरा."

एका फोननं घर चालत नाही, हे दोघांनाही कळत होतं. गुडघे होते तिथंच होते, बसथांबा होता तिथंच होता. संध्याकाळी तो काचवाल्याकडे गेला.  आला तो लवकरच आला. तिनं भाजी चिरता चिरता वर न बघता विचारलं, "काय सांगितलंत?"

"सांगितलं, बायकोचं लिहायचं काम अर्धं राहिलंय. ते संपल्याशिवाय मला जिना सोडता येत नाही."

"मग?"

"म्हणाला, कधी संपेल? मी म्हटलं, एका बोटानं चाललंय, वेळ लागेल." त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला. "म्हणाला, जागा काही पळून जात नाही, पण मी कायम थांबणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे."

ती हं म्हणाली. उद्यापासून गंजू नये म्हणून काय करावं ते पान घ्यावं लागणार होतं. त्यात 'किल्ली' किती वेळा आली असेल कोण जाणे. तिचा खांदा आत्तापासूनच ठणकायला लागला.

खुंटीवरच्या शर्टाखाली फरशीवर पितळेचा नवा भुगा पडला होता. तिनं विळी बाजूला सारली, मोरीवरचं फडकं ओलं करून पिळलं, आणि खाली बसून टिपायला लागली.